हळदीचा रंग दोन खिडक्यांत दोन

हळद पिवळी असते. हे सांगायला गुरुजी कशाला हवा? पण गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावात हळदीच्या रंगावरून चांगलीच बाचाबाची झाली. फोटो एकच होता. संगणक एकच होता. पडदाही एकच होता. तरी त्या फोटोतली हळद एका ठिकाणी पिवळीधमक दिसे आणि दुसऱ्या ठिकाणी पीठ कालवल्यासारखी फिकी दिसे. असे का झाले ते शोधायला मला तालुक्याला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. ती हकिगत तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी कुणी पापड, लोणची, मसाले करून विकत असेल, तर ती कामी येईल.

आमच्या गावात बायांचा एक बचत गट आहे. बारा जणी आहेत. त्या हळद घेतात, दळतात, चाळतात आणि पाव पाव किलोची पाकिटे भरतात. माल चोख असतो. पण पाकिटावरचे लेबल चांगले नसेल तर शहरातला माणूस पाकीट हातात घेत नाही. म्हणून आदल्या वर्षी त्यांनी एका छापखान्यातून दोन हजार लेबले छापून घेतली. पडद्यावर हळदीचे पान पोपटी दिसत होते. कागदावर ते शेवाळासारखे उतरले. छापणारा म्हणाला, "बाई, तुम्हीच पसंत केले होते." पैसे गेले ते गेले. ती लेबले अजून एकीच्या माळ्यावर पडून आहेत. तिची नातवंडे त्यांच्या कोऱ्या पाठीवर गणिते करतात.

यंदा बाया सावध होत्या. माझ्या पुतण्याची मुलगी तालुक्याला एका दुकानात लेबले, पत्रिका, फलक तयार करते. ती म्हणाली, "मी करून देते. कामाचे पैसे नकोत, फक्त छपाईचे द्या." फोटो चांगला हवा म्हणून लग्नाचे फोटो काढणारा एक जण बोलावला. त्याने शेताच्या बांधावर ताटात हळदीची पूड ठेवली. मागे हळदीची हिरवी पाने घेतली. मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला. फोटो खरेच सुंदर आला.

एका रविवारी गटाच्या अध्यक्षबाई, आणखी दोघी जणी आणि मी एसटीने तालुक्याला गेलो. मुलीने आधी फोटोशॉपमध्ये फोटो दाखवला. फोटोशॉप म्हणजे फोटो साफ करायचे, कापायचे सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर म्हणजे काय? संगणकाने कोणते काम कसे करावे हे त्याला सांगणारी आज्ञांची मालिका. फोटोशॉपमध्ये हळद कशी झळझळीत! पानेही ताजी. बाया खूश झाल्या. मग मुलीने दुसरे सॉफ्टवेअर उघडले. त्यात लेबलाची मांडणी केली होती. वर गटाचे नाव, खाली वजन, किंमत, मध्ये तोच फोटो. पण इथे हळद मळकट. पाने सुकल्यासारखी.

अध्यक्षबाई गप्प झाल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुरुजी, राग मानू नका. पोर तुमची आहे. पण हे दाखवायला एक आणि छापायला एक, असे तर नाही ना? मागच्या वर्षी हेच झाले." हळद फिकी दिसली की गिऱ्हाईक काय समजते? जुनी आहे, नाहीतर भेसळ आहे. बारा जणींची वर्षाची मेहनत त्या एका रंगावर होती.

मुलीच्या कानावर ते गेलेच. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "आजोबा, मी फोटोला हातही लावला नाही. तोच फोटो तिथे ठेवला."

आधी मी काय चुकलो

मी अडतीस वर्षे शाळेत काढली. आपल्याला सगळे कळते असे मास्तरला वाटते. मी म्हणालो, "पडदा बिघडलाय." त्यात थोडे तथ्य निघाले, हे नशीब. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. संगणकात आणि मोबाइलमध्येही एक सोय असते. संध्याकाळ झाली की पडदा आपोआप पिवळसर होतो. डोळ्यांना ताप कमी व्हावा म्हणून ती असते. मुलीने ती सोय बंद केली. सगळा पडदा पांढरा स्वच्छ झाला. पण गंमत बघा. दोन्ही ठिकाणची हळद सारखीच बदलली. दोघींतला फरक होता तसाच राहिला.

तेव्हा मुलीने एक शहाणपण केले. दोन्ही सॉफ्टवेअरच्या खिडक्या तिने पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे झळझळीत हळद, उजवीकडे फिकी. आता सांगा, दोष पडद्याचा असू शकेल काय? एकाच घराच्या दोन खिडक्यांतून बाहेर पाहिले, एकीतून ऊन दिसले आणि दुसरीतून ढग दिसले, तर आभाळाला बोल लावता येत नाही. खिडकीच्या काचेतच काहीतरी आहे.

ही पहिली पारख लक्षात ठेवा. रंग सगळीकडे सारखाच बिघडलेला दिसत असेल, तर आधी पडदा पाहा. त्याचा उजेड, त्याची ती संध्याकाळची सोय, समोरच्या दारातून पडणारे ऊन, हे सगळे पाहा. पण एकाच पडद्यावर एका सॉफ्टवेअरमध्ये बरा आणि दुसऱ्यात वाईट दिसत असेल, तर पडदा पुसत बसू नका. आम्ही तोही पुसून पाहिला होता.

पडद्यावर रंग येतो कुठून?

घरी एक प्रयोग करा. मोबाइलचा पडदा पांढरा दिसत असेल तिथे बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. मोहरीपेक्षा मोठा नको. थेंबातून जवळून पाहा. पांढऱ्या जागी लाल, हिरवे आणि निळे बारके ठिपके दिसतील. पाण्याचा थेंब भिंगाचे काम करतो. मग पडदा लगेच पुसून टाका.

पडद्यावर पांढरा रंग नसतोच. पिवळाही नसतो. असतात ते फक्त लाल, हिरवे आणि निळे दिवे. तिन्ही पूर्ण पेटले की डोळ्याला पांढरे दिसते. लाल आणि हिरवा पेटला की पिवळे दिसते. तिन्ही विझले की काळे. मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1861 साली लंडनमध्ये हे लोकांना करून दाखवले. एका रंगीत फितीचे तीन फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून काढले होते. तेच फोटो त्याने तशाच तीन रंगांच्या उजेडाने भिंतीवर एकावर एक पाडले. फीत रंगीत दिसली. आजचा तुमचा मोबाइल तीच युक्ती करतो.

संगणकाला रंग कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक दिवा किती पेटवायचा, त्याला 0 पासून 255 पर्यंत आकडा असतो. 0 म्हणजे विझलेला, 255 म्हणजे पूर्ण. अशा 256 पायऱ्या. तिन्ही दिव्यांच्या पायऱ्यांचा गुणाकार केला तर 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 जोड्या होतात. गणित आवडत असेल त्याने करून पाहावे. मला आवडते.

तर फोटो म्हणजे काय? आकड्यांची लांबच लांब वही. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे.

मी मुलीला विचारले, "त्या हळदीचा आकडा वाचता येईल का?" ती म्हणाली, "हो." रंग उचलायची पिचकारी असते. ती तिने पुडीवर ठेवली. फोटोशॉपने सांगितले, लाल 225, हिरवा 165, निळा 40. मग दुसऱ्या खिडकीत त्याच जागी ठेवली. तिथेही 225, 165, 40.

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. आकडे तेच! मग रंग दोन कसे?

दहा पायल्या, पण कुणाची पायली?

इथे मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते सांगत, पूर्वी आमच्या गावची पायली आणि नदीपलीकडच्या गावची पायली सारखी नव्हती. शेरही जागोजाग वेगळा. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला. मग हळूहळू किलो आणि लिटर सगळीकडे आले. त्याआधी कुणी निरोप धाडला, "दहा पायल्या ज्वारी पाठवा", तर शहाणा माणूस आधी विचारी, "पायली कुठली?" आकडा एकटा कामाचा नसतो. त्याच्यासोबत मापाचे नाव लागते.

रंगाच्या आकड्यांचेही तसेच आहे. हिरवा 165, पण कोणत्या मापाने? पूर्ण पेटलेला हिरवा म्हणजे किती हिरवा? हे ठरवणारी मापे एक नाहीत, अनेक आहेत. त्यांतली दोन फार चालतात. एक आहे एसआरजीबी. हे माप 1996 साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी पुढे आणले. साधे पडदे, मोबाइलवर येणारी चित्रे बहुधा याच मापाची असतात. दुसरे आहे अ‍ॅडोबी आरजीबी. ते 1998 सालचे. हे माप मोठे आहे. लाल आणि निळा रंग दोन्ही मापांत एकच धरला आहे. पण अ‍ॅडोबीचा हिरवा जास्त गडद, जास्त शुद्ध धरला आहे. आता आठवा, पडद्यावर पिवळा कशाने होतो? लाल आणि हिरवा मिळून. म्हणून हिरव्याचे माप बदलले की पानेच नव्हे, हळदही बदलते.

फोटोबरोबर कोणते माप वापरले त्याची चिठ्ठी जोडता येते. तिला प्रोफाइल म्हणतात. अशा चिठ्ठ्या सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून 1993 साली काही कंपन्यांनी मिळून एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव आयसीसी. चिठ्ठी कशी लिहायची याचे नियम ते मंडळ ठरवते.

मुलीने फोटोशॉपच्या खिडकीच्या तळाशी पाहिले. तिथे चिठ्ठीचे नाव दाखवायला लावता येते. नाव निघाले, अ‍ॅडोबी आरजीबी. फोटो काढणाऱ्याने कॅमेऱ्यात ते माप निवडून ठेवले होते. त्याचा दोष नाही. मोठे माप त्याला बरे वाटते. अशा फोटोची एक खूण पुढे मला कळली. पुष्कळ मोठ्या कॅमेऱ्यांत अ‍ॅडोबीच्या मापाने फोटो काढला तर फाइलच्या नावाचे पहिले अक्षर म्हणजे खाली काढलेली एक आडवी रेघ असते. आमच्या फोटोच्या नावातही ती रेघ होती. आम्ही ती पाहिली होती, पण मळ समजून सोडून दिली.

मग उजव्या खिडकीत काय झाले? दुकानात कुणीतरी त्या सॉफ्टवेअरची ठेवण बदलून ठेवली होती. बाहेरून आलेल्या फोटोची चिठ्ठी वाचू नको, सगळे एसआरजीबी समज, अशी. म्हणजे मोठ्या पायलीने मोजलेली ज्वारी लहान पायलीची समजून हिशेब झाला. आकडे तेच राहिले. माल मात्र कमी दिसला. हळद फिकी पडली.

मी हे बायांना पायलीच्या भाषेत सांगितले. तिसऱ्या बाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरीने काही बनवाबनवी केली नाही." मी म्हणालो, "नाही." अध्यक्षबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून मुलीच्या हातावर ठेवला. पुढे काही बोलल्या नाहीत. एवढे पुरे झाले.

औषध उलटे पडले

रोग कळला, पण औषध पहिल्या वेळी चुकले. फोटोशॉपच्या यादीत शेजारी शेजारी दोन आज्ञा आहेत. एक असाइन प्रोफाइल. दुसरी कन्व्हर्ट टू प्रोफाइल. मुलीने विचार केला, दोन्हीकडे एसआरजीबी असले की झाले. तिने पहिली आज्ञा दिली. झटक्यात डाव्या खिडकीतली हळदही फिकी झाली! अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, एक आजारी होती, आता दोघी आजारी."

असे का झाले? असाइन म्हणजे चिठ्ठी बदलणे. आकडे तेच ठेवायचे, फक्त वरचे मापाचे नाव खोडून दुसरे लिहायचे. पोत्यावर दहा मोठ्या पायल्या लिहिले होते, ते खोडून दहा लहान पायल्या लिहिले. माल कमी झाला असाच त्याचा अर्थ झाला.

कन्व्हर्ट म्हणजे नीट मोजून देणे. माल तोच ठेवायचा आणि नव्या मापाने पुन्हा मोजायचा. मग आकडा बदलतो, रंग बदलत नाही.

मुलीने मागे फिरण्याची आज्ञा दिली आणि या वेळी कन्व्हर्ट केले. हळद तशीच झळझळीत राहिली. मग पिचकारी लावून आकडे पाहिले. 225, 165, 40 चे झाले सुमारे 245, 166, 4. पानाचा एक ठिपका आधी 96, 150, 60 होता. तो झाला सुमारे 56, 151, 48. मला हे फार आवडले. हिरवा वाढेल असे मला वाटले होते. तो जवळजवळ तेवढाच राहिला. कमी झाला तो लाल. हिरव्यात मिसळलेला लाल काढून घेतला की हिरवा उठून दिसतो. ताकात पाणी कमी घातले की ताक घट्ट लागते, तसेच हे.

मग तिने फोटो जपून ठेवताना चिठ्ठी सोबत जोडायच्या चौकटीत खूण केली. ही खूण विसरू नका. चिठ्ठी नसलेला फोटो म्हणजे माप न लिहिलेला निरोप. प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या मनाने अंदाज करते. मूळ फोटो मात्र तिने वेगळा ठेवला. त्यावर लिहून मोडतोड केली नाही. हेही चांगले केले.

नवा फोटो लेबलात ठेवला. डावीकडे हळद, उजवीकडे हळद. दोन्ही सारख्या. बायांनी दोनदा डोळे बारीक करून पाहिले. एकीने पिशवीतली खरी पुडी पडद्याशेजारी धरली.

आमचे निभावले ते फोटोचे माप बदलून. खरे म्हणजे त्या सॉफ्टवेअरची ठेवणही सुधारायला हवी होती. ती मुलीने दुसऱ्या दिवशी दुकानमालकाला विचारून सुधारली. बाहेरून आलेल्या फोटोची चिठ्ठी वाच आणि ती पाळ, अशी ठेवण आता आहे. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, कोरलड्रॉ, या सगळ्यांत रंगाची ठेवण असते. एकाच दुकानातल्या सगळ्या सॉफ्टवेअरची ठेवण सारखी हवी, नाहीतर भांडण ठरलेलेच.

आणखी दोन खुणा सांगतो. चित्र एका ठिकाणी फिके दिसत असेल, तर मोठ्या मापाचे आकडे लहान मापाने वाचले असा संशय घ्या. चित्र भडक दिसत असेल, तोंडाला रंग फासल्यासारखे, तर उलटे झाले असेल. काही नव्या पडद्यांचे रंग फार तेज असतात. चिठ्ठी न पाहणारे सॉफ्टवेअर अशा पडद्यावर साधे चित्रही भडक दाखवते. मोबाइलचेही असेच. 2016 साली आलेल्या आयफोन 7 पासून आयफोनचे फोटो डिस्प्ले पी3 नावाच्या मापाचे असू शकतात. तेही एसआरजीबीपेक्षा मोठे माप आहे. म्हणून मोबाइलवर लेबल पाहून "हा रंग नाही, तो रंग" असा निकाल कुणी देऊ नये. घरात पाच मोबाइल असतील तर पाच हळदी दिसतील.

आणि पिचकारी लावल्यावर दोन ठिकाणी आकडेच वेगळे निघाले तर? मग वाटेत कुठेतरी कुणीतरी फोटो पुन्हा मोजला आहे, किंवा फोटोच दुसरा आहे. तेव्हा मूळ फाइल मागून घ्यावी. वाद नंतर घालावा.

पडदा दिव्याचा, कागद शाईचा

आता मागच्या वर्षीच्या त्या शेवाळी पानाचे. ते दुखणे वेगळे होते.

पडदा दिव्यांनी रंग दाखवतो. कागदावर दिवे नाहीत. कागदावर शाई असते. छापखान्यात चार शाया चालतात. एक आकाशी झाक असलेली, तिला सायन म्हणतात. दुसरी गुलाबी जांभळट, ती मॅजेंटा. तिसरी पिवळी. चौथी काळी. यांतून सगळे चित्र उतरवायचे. पण लखलखीत पोपटी, झगमगता निळा असे काही रंग दिव्याला जमतात, या शायांना जमत नाहीत. कितीही पैसे दिले तरी त्या चार शायांत ते बसत नाहीत. आदल्या वर्षी बायांनी दिव्याचा पोपटी पसंत केला होता. शाईने जवळचा रंग दिला. फसवले कुणी नव्हते. पण आधी सांगितलेही कुणी नव्हते, आणि ते सांगणे छापणाऱ्याचे काम होते, असे माझे मत आहे.

हळदीला ही अडचण फारशी येत नाही. पिवळी शाई मुळातच जोरकस असते. तिच्यात थोडी मॅजेंटा पडली की हळद होते. अडते ते पानापाशी.

शाईचीही मापे असतात. वेगळा कागद, वेगळ्या शाया, वेगळे यंत्र, तशी वेगळी चिठ्ठी. म्हणून शाईच्या आकड्यांत ठेवलेले चित्रही दोन सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हांनी दिसू शकते. काळ्याचेही असेच. एखादे सॉफ्टवेअर नुसती काळी शाई पडद्यावर गडद डांबरासारखी दाखवते. दुसरे ती खरी जशी उतरेल तशी, थोडी करडी दाखवते. इलस्ट्रेटरमध्ये यांपैकी कोणते हवे ते निवडता येते. दोन्ही काळ्यांचे आकडे तपासल्याशिवाय घाबरू नये.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा तालुक्याला गेलो. या वेळी छापखाना दुसरा होता. मुलीने आधीच त्यांना फोन करून विचारले होते, "तुमच्या यंत्राची आणि कागदाची प्रोफाइल कोणती?" त्यांनी ती दिली. फोटोशॉपमध्ये प्रूफ कलर्स नावाची आज्ञा आहे. ती दिली की कागदावर रंग साधारण कसा उतरेल, ते पडद्यावर दिसते. फाइल बदलत नाही, फक्त दिसणे बदलते. मुलीने ती आज्ञा दिली. हळद जवळजवळ तशीच राहिली. पाने एक पायरी खाली उतरली. पोपटी गेला, हिरवा राहिला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे मागच्या वर्षी दाखवले असते तर?"

मुलगी म्हणाली, "काकू, आता ठरवा. पाने अशीच चालतील, की आणखी काळोखी नको म्हणून थोडी उजळ करू?"

बायांनी आपसात बोलून ठरवले. पाने हिरवीच असू द्यावीत, पोपटी नकोत. नाहीतरी हळद काढायच्या वेळी पाने वाळलेली असतात, असे एकीने बजावले. ते खरेच आहे. मग मुलीने छापखान्याला एक अट घातली. आधी त्याच कागदावर एकच नमुना छापा. तो पाहून हो म्हटल्यावरच पुढचे. त्या एका नमुन्याचे थोडे पैसे वेगळे पडले. दोन हजार लेबले माळ्यावर टाकण्यापेक्षा ते स्वस्त.

नमुना आला तेव्हा दुकानात नळीचा दिवा होता. त्यात हळद जरा हिरवट वाटली. अध्यक्षबाई उठल्या. नमुना घेऊन सरळ बाहेर रस्त्यावर गेल्या. दुपारी बाराचे ऊन होते. पण उन्हात न धरता त्या समोरच्या भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या. पिशवीतून पुडी काढली, थोडी पूड तळहातावर घेतली आणि नमुन्याशेजारी धरली. बाकीच्या दोघी वाकून पाहू लागल्या. मुलगी दारात उभी होती. तिचा जीव टांगणीला लागला होता.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग अध्यक्षबाईंनी हात झटकला, बोटे पदराला पुसली आणि दुकानात येऊन म्हणाल्या, "छापा. दोन हजार."